रेकॉर्डींना ऊन दाखवलं तेव्हा

बसा, चहा उकळतोय तोवर सांगते. पण आधी एक मान्य करा, की मी कामाची बाई आहे. तलासरीला शाळेत शिकवते, झाईला घर सांभाळते, आणि कुठेही काही बिघडलेलं असलं की ते माझ्या नजरेतून सुटत नाही. हे मान्य केलंत तरच पुढच्या घोळाची मजा आहे.

तर झालं असं. माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला मे महिन्यात पन्नास वर्षं होणार होती. सासरे, म्हणजे आमचे बाबा, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल. खलाशांना हाका मारून मारून आवाज असा झालाय, की आईंना 'जेवलीस का' विचारलं तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण जुंपलं. बायकोशी गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. म्हणून लग्नाच्या वर्षी त्यांनी मुंबईहून एक रेकॉर्ड प्लेयर आणला होता. त्यावर एक ठरावीक गाणं लावायचं, आपण समुद्राकडे बघत बसायचं, आणि आईंनी काय ते समजून घ्यायचं. दोघांचा सगळा प्रेमाचा व्यवहार त्या एका गाण्यावर चालला होता म्हणा ना.

मशीन बंद पडलं, माळ्यावर गेलं, वर्षं गेली. यंदा बाबा मला म्हणाले, "सुधा, पन्नासाव्याला तेवढं गाणं लावून दे. हिला ऐकवायचंय." आणि लगेच समुद्राकडे बघायला लागले.

आता सांगा, मी नाही म्हणेन?

मशीन आणि रेकॉर्डींची पेटी माळ्यावरून खाली काढली. मशीन मुकं, आणि खाऱ्या हवेने रेकॉर्डींवर पांढरी बुरशी. माझा नवरा विलास मशीन उघडून बसला, रेकॉर्डी मी घेतल्या. आमच्याकडे पावसाळ्याआधी काय करतात? सगळ्याला ऊन दाखवतात. गाद्यांना, डाळींना, गोधड्यांना, मसाल्याला. मी रेकॉर्डी ओल्या फडक्याने पुसल्या, गच्चीवर चादर अंथरली, आणि एकीकडे बोंबील, एकीकडे पापड, मधे रेकॉर्डी अशा छान मांडून दिल्या. संध्याकाळी उचलल्या तेव्हा बुरशीचा मागमूस नव्हता. जरा बोंबलांचा वास होता, पण तो आमच्याकडे कशाला नसतो?

तुम्ही हसताय. म्हणजे तुम्हाला कळलं. मला तेव्हा कळलं नव्हतं, काय करू?

विलासने मशीनचा तुटलेला पट्टा बदलला. चकती फिरायला लागली. रेकॉर्ड लावली, तर गाणारी बाई एकदा वर, एकदा खाली, मधेच सुईची उडी, मग पुन्हा वर.

बाबा म्हणाले, "हिला बोट लागलीय."

दुसरी रेकॉर्ड लावली, तीच गत. तिसरी, चौथी, तेच. आता इथे माझं डोकं चाललं बघा. सगळ्याच रेकॉर्डी बिघडल्यासारख्या वाजतात, म्हणजे खोट मशीनमध्येच असणार. बरोबर की नाही? शाळेत मुलांना मी असंच शिकवते.

"नवीन मशीन घेऊ," मी म्हटलं.

"पट्टा नवा टाकलाय. सुई बदलू, स्पीकर चांगले जोडू, हेच मस्त वाजेल," विलास म्हणाला.

"जुन्याला किती ठिगळं लावणार?"

आई मागून लसूण सोलत म्हणाल्या, "बाई गो, आमचा पण गुडघा बदललाय. आम्हाला ठेवणार ना घरात?"

मग एक सुई बदलली. फरक नाही. शेवटी मशीन चादरीत गुंडाळून मी आणि विलास वापीला गेलो. तिथल्या दुकानदाराने आपली एक रेकॉर्ड लावली, आणि काय सांगू, मशीन असं सुरेल वाजलं की दुकानात आलेलं गिऱ्हाईक ऐकत उभं राहिलं.

"बेन, मशीन तो सारु छे," दुकानदार म्हणाला. म्हणजे मशीन अगदी चांगलं आहे.

विलासने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. पण मी काय ऐकतेय? मी दोघांनाही समजावलं, की मशीन माणसासारखंच असतं, डॉक्टरसमोर गेलं की ताप उतरतो. शिवाय आमच्या झाईला व्होल्टेज कमी-जास्त होतं, जुन्याला ते सोसत नाही. दुकानदार भला माणूस. त्याने दोनदा सांगून पाहिलं, मग हात जोडले आणि नवीन मशीन बांधून दिलं. किंमत मी बाबांना सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका.

लग्नाच्या वाढदिवसाला अर्धी आळी ओट्यावर जमली. आईंनी हिरवी साडी नेसली, केसात अबोली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते, आणि सारखे खिशातून रुमाल काढून पुन्हा ठेवत होते. पहिला सूर आईंच्याच कानी पडावा म्हणून न वाजवता ठेवलेल्या नवीन मशीनवरचं कापड मी काढलं, आधी चार शब्द बोलले, त्यात नव्या यंत्राचं महत्त्वही सांगितलं, आणि सुई टेकवली.

बाई वर गेली. बाई खाली गेली. सुईने उडी मारली.

दुकानदाराची नक्कल विलासने घरी करून दाखवली होती. बाबांनी हळूच विचारलं, "हे पण सारु छे का?"

माझं डोकं फिरलं. फोन काढून मी दुकानदाराला झापायला सुरुवात केली, की बिघडलेला माल गळ्यात बांधलात. तेवढ्यात विलासने रेकॉर्ड उचलून ओट्याच्या लादीवर ठेवली आणि एका कडेला बोट लावलं. ती डुलायला लागली. होडीसारखी, या काठावरून त्या काठावर.

"सुधा," तो म्हणाला, "ह्या रेकॉर्डी कुठे होत्या?"

मी उत्तर द्यायच्या आत आईंनी सगळ्या आळीला सांगून टाकलं, "बोंबलांशेजारी."

काय हसली हो माणसं. फोनवर तो दुकानदारसुद्धा हसत होता. मला मात्र खरंच रडू आलं. हसं झाल्याचं नाही हो, ते काय नेहमीचंच. बाबा त्या डुलणाऱ्या रेकॉर्डीकडे बघत होते, त्याचं. त्यांच्या वतीने आईंशी बोलणारी ती एकच वस्तू, आणि मी उन्हात वाकवून तिचा पापड केला होता.

बाबा उठले. घसा खाकरला. आणि समुद्राकडे नाही, आईंकडे बघून त्या तांडेलाच्या आवाजात ते गाणं म्हणायला लागले. सूर कुठे, ताल कुठे, काही विचारू नका. माझी रेकॉर्ड बरी म्हणायची वेळ आली. पण एक ओळ चुकली नाही. आईंनी पदराने तोंड झाकलं, आणि पदराआडून त्या लाजतायत की हसतायत ते कळेना. शेवटच्या कडव्याला त्याही गायला लागल्या. मग सगळी आळी.

इतकं छान वाटलं मला, की अंगात पुन्हा उत्साह आला. डोळे पुसले आणि म्हटलं, "बाबा, काळजी नको. ही रेकॉर्ड मी सरळ करते. वर सुती कापड टाकून नुसती हलकी इस्त्री फिरवायची."

माझे सासू-सासरे म्हणजे आमटीतल्या मिठावरूनसुद्धा ज्यांचं कधी जमलं नाही असं जोडपं. बाबांनी रेकॉर्ड झटकन उचलली, आईंनी ती पदराखाली घेतली, आणि दोघं पन्नास वर्षांत पहिल्यांदा एकदम, एका सुरात म्हणाले,

"सुधा, तू फक्त चहा ठेव."