शेवंतीचं स्थळ

दफेदारमामा घोडा कधी समोरून पाहत नसत. जवळा गावच्या बाजारात कुणी लगाम धरून जनावर त्यांच्यापुढे उभं केलं, की ते वळसा घालून मागे जात आणि म्हणत, "चालवा. मी सांगतो तवर वळवू नका." घोडा पन्नास पावलं लांब जाईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. मालक बिचारा कपाळावरचा पांढरा टिळा दाखवायला उतावीळ झालेला, आणि मामांचे डोळे शेपटीखाली. "तोंड सगळ्यायचंच बरं असतंय," ते म्हणत. "काम मागल्या पायात असतंय."

त्यांची उमेदीची सगळी वर्षं निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, गेली होती. तिथून दफेदार होऊन ते नरसीजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा बरोबर एक ट्रंक, घोड्याचं अंग घासायचा एक खरारा आणि ही पाहण्याची सवय घेऊन आले. माणसंही ते मागूनच पाहत. गावातल्या मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं झालं, की लोक त्यांना आग्रहाने नेत. सगळे मुलाला शिक्षण नि जमीन विचारत. मामा एवढंच म्हणत, "पाहुणे, जरा त्या विहिरीवर जाऊन या." मुलगा पाठमोरा निघाला की मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहत. त्यांनी मोडलेल्या एका स्थळाने पुढे दोन बायका टाकल्या, तेव्हापासून त्यांच्या शब्दाला गावात वजन आलं.

माझीही चाल त्यांनी पाहिली. मी हैदराबादेहून परीक्षेत सपशेल नापास होऊन आलो होतो, पण गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आलो होतो. मामांनी मला वाड्यापासून पारापर्यंत जाऊ दिलं आणि मागून म्हणाले, "मालक, डावा पाय आत पडतो तुमचा. मनात एक अन् पायात एक." मी बुटाचा दोष समजलो आणि दुसरे बूट शिवून घेतले.

हैदराबादेत मी अभ्यास सोडून एक गोष्ट मन लावून पाहिली होती. पलटणीच्या मैदानावर घोड्यांचा तीन दिवसांचा सामना होता. पहिल्या दिवशी घोड्याने स्वाराच्या नुसत्या मांडीच्या इशाऱ्यावर चालायचं, वळायचं, उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी कोसन् कोस माळरान तुडवत खंदक, गडगे, पाणी सगळं ओलांडायचं. तिसऱ्या दिवशी, अंग आंबलेलं असताना, पुन्हा रिंगणात येऊन आडवे वासे टापदेखील न लावता उडून जायचे. एकाच जनावरात शहाणपण, छाती आणि दम, तिन्ही लागत. माझ्यात तिन्हींपैकी एकही नव्हतं, म्हणूनच बहुधा मी वेडा झालो. असा घोडा आपल्या शेवंतीच्या पोटी पैदा करायचा, हे मी परतीच्या गाडीतच ठरवून टाकलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "परीक्षा तुला झेपली न्हाई, आता घोड्याला बसव."

शेवंती माझ्या वडिलांची घोडी. वडील गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि मी म्हणतो त्या साली पंधरा. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्पष्ट सांगितलं, "अजून एखादं शिंगरू व्हईल. दुसऱ्याचा भरवसा न्हाई. तवा नर पाहायचा तो एकदाच अन् बराबर." मग त्यांनी मला तिचे दोष लिहून आणायला सांगितले. मी चार दिवस खपून दोन पानं भरून आणली. त्यात तिच्या डोळ्यांवर एक परिच्छेद होता. मामांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "ही तारीफ झाली. पोरीचे दोष ज्या बापाला दिसत न्हाईत, त्यानं जावई शोधू नये."

पंधरा दिवस त्यांनी मला तिच्यामागे हिंडायला लावलं. ओढ्यावर, काट्याकुपाट्यांत, ढेकळांच्या रानात. तेव्हा कुठे मला दिसलं, की शेवंती पाण्याला बिचकते, आणि चढावर तिचा खांदा आखडतो. मागचे पाय मात्र उत्तम होते. "आता बराबर," मामा म्हणाले. "तिला जे न्हाई, ते नरात पाहिजे."

नर शोधायला आम्ही महिनाभर हिंडलो. मामांची रीत अशी, की नर घोडा पाहायच्या आधी त्याची शिंगरं पाहायची. कुणाच्या मळ्यात, कुणाच्या खळ्यावर, जिथे म्हणून त्याची अवलाद असेल तिथे जाऊन ती पाण्यातून चालवायची. अशा पाच शिंगरांवरून ते एका घोड्यापाशी पोचले. तो वारंग्याकडच्या एका तांड्यावरच्या नायकाचा होता. रंग मातकट, डोकं पेटीएवढं, एक कान फाटलेला. वर छातीवर केसांचा तो भोवरा, जो असला की घोडा धन्याचा खुंटा उपटतो, घर बुडवतो, असं आमच्याकडे मानतात. आम्ही उभे असतानाच तो बाभळीच्या काट्यांचं कुंपण उडून कडब्याकडे गेला, आणि पोटभर खाऊन तसाच उडून परत आला.

"रोजचंच हाय त्याचं," नायक ओशाळून म्हणाला. "लई तकलीफ देतो."

मामांनी त्याला ओढ्यातून जाताना मागून पाहिलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं. "मालक, आपलं काम झालं," ते म्हणाले.

माझं झालं नव्हतं. त्या फाटक्या कानाच्या घोड्याचं शिंगरू घेऊन हैदराबादच्या मैदानावर आपण उतरलो आहोत, आणि सगळे अंमलदार हसताहेत, असं मला दिसायला लागलं. त्यातच कळमनुरीकडच्या एका जमीनदाराचा घोडा मी पाहून ठेवला होता. पंचकल्याणी! चारही पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा, गळ्यावर शुभ मानतात तो देवमण भोवरा. सगळ्या तालुक्याच्या वराती त्याच्यावरून निघत, आणि हलगी वाजली की तो असा नाचे, की लोक नवरदेवाकडे पाहायचं विसरत. होळीनंतर मामा आठ दिवस लेकीच्या गावी गेले. जाताना बजावून गेले, "शेवंती माजावर आली की सरळ तांड्यावर न्या. माझी वाट पाहू नका." मी वाट पाहिली नाही. शेवंतीला घेऊन कळमनुरीचा रस्ता धरला. परत आल्यावर मामांना सांगितलं, "तांड्यावर जाऊन आलो."

अकरा महिन्यांनी शिंगरू झालं. चारही पाय दुधात बुडवल्यासारखे. मामा आले, मागे उभे राहिले, आणि ते लटपटत चार पावलं चालेपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, "देखणं हाय." एवढंच. मी सुटलो असं समजून त्याचं नाव दिग्विजय ठेवलं.

पुढची चार वर्षं मामांनी त्याच्यावर जी मेहनत घेतली, ती स्वतःच्या लेकरावर कुणी घेणार नाही. दिग्विजय गुणी होता, फक्त कामाचा नव्हता. मी पडीक रानात खंदक खणला, मातीचा गडगा घातला आणि चाचणीचा दिवस गावभर सांगून टाकला. ही माझी दुसरी चूक. सगळं गाव बांधावर येऊन बसलं. मला पाठीवर घेऊन दिग्विजय झोकात धावत आला, खंदकाच्या काठावर थबकला, आणि आतल्या पाण्यात स्वतःचं तोंड न्याहाळू लागला. मी थबकलो नाही. मी एकटाच खंदकात गेलो. तेवढ्यात बांधावरच्या कुणीतरी मौजेने हलगी वाजवली, आणि माझ्या डोक्यावर, काठावर, दिग्विजय नाचू लागला. बूट पाण्याने भरले होते. डावा अजून आतच पडला होता.

संध्याकाळी मामांच्या ओट्यावर जाऊन मी सगळं कबूल केलं. ते खरारा साफ करत होते.

"मला पहिल्या दिशीच कळलं," ते म्हणाले. "त्या मातकटाची एवढी शिंगरं पाहिली आपण. एकाचा तरी पाय पांढरा व्हता का?"

"मग बोलला काहून न्हाई, मामा?"

"लेकराच्या देखत त्याच्या बापाला नावं ठेवू नयेत. त्याचा काय कसूर? तुमी कामाचा घोडा मागून राहिले व्हते अन् मनात तुमच्या वरात व्हती."

त्यानंतर दोन उन्हाळे आम्ही शेवंतीला तांड्यावर नेलं. दोन्ही वेळा ती रिकामी परत आली. तिसऱ्या वर्षी ती म्हातारपणाने मेली. तिच्या पोटी जो घोडा व्हायचा होता तो माझ्यामुळे झाला नाही, हे मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं. दिग्विजयने मात्र नाव काढलं. आमच्या पंचक्रोशीतल्या वराती तोच मिरवायचा, माझीसुद्धा. माझ्या लग्नात लोक माझ्याकडे पाहायचं विसरले.

अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य जाऊन रस्ते पुन्हा चालते झाले, तेव्हा मामा अंथरुणाला खिळले होते. लेकीने त्यांना आपल्या गावी नेलं होतं. मी दिग्विजयवरून भेटायला गेलो. त्यांनी आधी घोड्याची चौकशी केली, मग माझी. बोलताना दम लागत होता. निघायची वेळ झाली तेव्हा मी पाया पडलो, आणि त्यांच्या पायाशीच बसून राहिलो.

"मालक," ते म्हणाले, "उठा. दारापस्तोर चाला. पाहू द्या मला."

मी उठलो. दार दहा पावलांवर होतं. माझे डोळे भरून आले होते आणि डावा पाय कसा पडतोय याचं मला काही भान नव्हतं.

"वळू नका," मागून आवाज आला. "मी सांगतो तवर."

मी दारात उभा राहिलो. मागचा धापेचा आवाज हळूहळू थांबला, तरी उभा राहिलो. मामांनी काही सांगितलं नाही, आणि मी वळलो नाही. त्यांचं मी शब्दशः ऐकलं ते तेवढं एकदाच.