आमच्या घरची भाकर

आमचं हे हिंदी मुलखातलं राज्य नवं होऊन फार दिवस झाले नव्हते. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, म्हणजे वेदीवर भाकर मोडून सगळ्यांनी वाटून घ्यायचा. सकाळच्या उपासनेआधी वेदीमागच्या खोलीत आम्ही तिघं हजर होतो: पाळकसाहेब, पहिल्या बाकावर बसणाऱ्या सरोज दीदी आणि मी. खिडकीच्या कठड्यावर पांढऱ्या फडक्यात अर्धा किलो कणकेची एक जाड भाकर होती. माझ्या बायकोनं पहाटे उठून केलेली. आणि वेदीवर न्यायच्या चांदीच्या ताटात बेकरीची डबलरोटी मांडून ठेवली होती. कडा कापून.

"आमची भाकर?" मी विचारलं.

पाळकसाहेब झग्याच्या गुंड्या लावत राहिले. बोलल्या सरोज दीदी. एरवी त्या चर्चमध्ये हिंदीच बोलायच्या. त्या दिवशी मराठीत बोलल्या. माझ्या नागपुरी मराठीत.

"भाऊ, राग नका मानू. तुमची मिसेस मले पोरीसारखी आहे. पण तिचं काम कोणतं, तुम्हाले माहीतच आहे. लोकं कशी घेतीन?"

"हात धुते ती."

"हात धुतल्यानं काय होते, भाऊ? रोज तर तेच काम ना. हे पवित्र ठिकाण आहे."

माझी बायको समता कॉलनीतल्या एका नर्सिंग होममध्ये आया होती. रुग्णांना पुसायचं, कूस बदलून द्यायची, बेडपॅन उचलायचं. सरोज दीदींना हे कसं ठाऊक? त्यांची सासू तेव्हा तिथेच होती, पलंगाला खिळलेली. तिला रोज धुणारे हात माझ्या बायकोचेच होते. ते हात सासूला चालले. कणकेला चालले नाहीत.

पाळकसाहेब शेवटी म्हणाले, "भैया, आज एडजस्ट कर लो. मंडली में फूट पड़ जाएगी."

आमच्या मंडळीत रीत होती. पहिल्या रविवारची भाकर दर वेळी एका घरानं करायची. सगळ्या घरांची बारी यायची. आमची कधी येत नव्हती. विचारलं की, "अरे, राहूनच गेलं!" मी बीरगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट-बोल्टसुद्धा वजन केल्याशिवाय आत घेत नाही. एक घर दर खेपेला चुकून कसं राहतं, हे मला कळत होतं. सरोज दीदींचे आजोबा ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेले. हे त्या दर नाताळाला सांगत. माझे आजोबा गावकुसाबाहेरून झालेले. हे मी सांगत नसे. सांगायची गरज पडत नसे.

या वेळी बारी मी मागून घेतली होती. बायकोला केवढा आनंद. नवी चाळण आणली. तवा राखेनं घासला. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. मंद आचेवर भाजली आणि सुरीच्या पाठीनं मधोमध क्रूस उमटवला. गुढियारीहून चर्चपर्यंत स्कूटरवर ती मांडीवर धरून बसली. पोट्टीला, आमच्या लेकीला, मागे कोंबलं, पण भाकरीला धक्का लागू दिला नाही.

मी बाहेर आलो. दोघी शेवटून दुसऱ्या बाकावर होत्या. मी शेजारी जाऊन बसलो.

ताट वेदीवर आलं. झाकण निघालं. बायकोची मान वर झाली, आणि तशीच राहिली.

"काहून जी? आपली कुठी हाय?"

"आतमध्ये."

"करपली होती का?"

तिला पहिल्यांदा हेच सुचलं. करपली असेल. आपलंच काही चुकलं असेल. हे ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. सरोज दीदींच्या बोलण्यानं तुटलं नव्हतं ते.

मी उठलो. वेदीमागे गेलो. भाकर उचलली, फडकं सोडलं आणि सगळ्यांच्या देखत ती चांदीच्या ताटाशेजारी ठेवली.

"साहब, यह भी रोटी है. तोड़िए."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्या बाकाकडे. सरोज दीदी गीतपुस्तक चाळत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. पाळकसाहेबांनी भाकरीवर रुमाल टाकला. हळूच, मेलेल्या माणसाच्या तोंडावर टाकतात तसा. आणि डबलरोटी हातात घेतली.

मी रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. भाकर घेतली. आम्ही तिघं मधल्या वाटेनं बाहेर आलो. मागून कोणी म्हणालं, "इतना घमंड!"

पायऱ्यांवर बायको माझ्यावरच चिडली. "तमाशा काहून केला? चार लोकांत जाता येते का आता?"

मी खोलीत झालेलं बोलणं तिला शब्दाला शब्द सांगितलं. पोट्टी म्हणाली, "मम्मी, सरोज दीदी वाली दादी को तो आप ही नहलाते हो ना?" बायकोनं चपला घातल्या. "चला. माही ड्युटी हाय."

ड्युटीवरून तिला आणायला मी रोजच जायचो, पण त्या दिवशी फडक्यातली भाकर घेऊन प्रथमच सरोज दीदींच्या सासूच्या खाटेपर्यंत गेलो. म्हातारी जागी होती. माझ्या बायकोनं आधी पडदा ओढला, मग म्हातारीच्या अंगावरची चादर काढली. वॉर्डात पाहणारं कोणी नव्हतं. तरी आधी पडदा. पडद्यापलीकडून मला पाण्याचा आवाज येत होता आणि तिचं हळू बोलणं. "झालं आजी. थोडंसं राहिलं. दुखते का?"

इतकी वर्षं मी पवित्रपणाची प्रवचनं ऐकली. पवित्र म्हणजे चांदीचं ताट, इस्त्रीचा झगा, खालचा आवाज, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. बाहेर उभ्या उभ्या ते सगळं गळून पडलं. त्या पडद्याहून पवित्र काही मी चर्चमध्ये पाहिलेलं नव्हतं.

पडदा सरला. म्हातारीनं विचारलं, "आज पहिला रविवार ना? मले काही आणलं का, पोरी?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी फडकं सोडलं.

त्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "भैया, ऐसा करते हैं, रोटी बेकरी से आए, नाम आपके घर का बोल देंगे. दीदी भी राज़ी हैं."

मी म्हणालो, "नाव नको. भाकर घ्या."

"ज़िद मत करो."

"जिद्दच आहे, साहेब."

तेव्हापासून दर पहिल्या रविवारी बायको भाकर करते. आम्ही ती घेऊन पहिल्या बाकावर बसतो, सरोज दीदींच्या शेजारी. लोक वेदीपाशी जातात. आम्ही जात नाही. भाकर माझ्या मांडीवर असते, फडकं उघडं. आमची मोडली जाईपर्यंत मी दुसरी तोंडात घालणार नाही. चर्चही सोडणार नाही. ते माझंही आहे.

त्या पहिल्या भाकरीचा हिशोब असा. क्रुसाजवळचा तुकडा, दुधात भिजवून, सरोज दीदींच्या सासूला. एक वॉर्डातल्या रात्रपाळीच्या आयाला. उरलेली आम्हा तिघांना. वेदीला काही पोचलं नाही.

ते देणं बाकी आहे. मी ते पोचतं करीन.