माशांना चांगलं पाणी

माझ्या पहिल्या माशांचं घर एका कूलरवाल्यानं बनवलं. काचेची तयार टाकी नागपुरात तेव्हा कुठंतरी मिळत असेलही, पण कुठं ते मला ठाऊक नव्हतं आणि शोधत बसायची माझी तयारी नव्हती. मी एकवीस वर्षांची होते. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून नुकतीच लागले होते, आणि धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मासे पाहिल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कंपाउंडरनं माझा नंबर पुकारला तेव्हा मी म्हटलं, "पुढच्याला पाठवा, मी नंतर जाते." अंगात ताप होता, तरी काचेला नाक लावून बसले होते.

कूलरवाला आमच्याच वस्तीत, इंदोऱ्यात, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे बसायचा. फेब्रुवारी संपत आला होता, म्हणजे त्याच्या धंद्याचे दिवस. मी कागदावर चित्र काढून नेलं: लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंना काच, खाली पत्रा, आणि सांधे लांबीनं बुजवलेले. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, पंखा कोन्या बाजूनं बसवाचा?"

"पंखा नाही बसवायचा. यात मासे राहणार आहेत."

"मासे? मंग त्याईले हवा कुठून येईन?"

प्रश्न अगदी शहाणा होता, पण मला राग आला. मला तेव्हा कुणी काही विचारलं की रागच यायचा. टाकी तयार झाली तेव्हा सवयीप्रमाणे त्यानं खालच्या पत्र्याला पाणी सोडायचं भोकही पाडून ठेवलं होतं. आम्ही दोघांनी मिळून त्यात लाकडी बूच ठोकलं, वर लांबी थापली, आणि ती टाकी हातगाडीवर चढवून मी वरातीसारखी घरी आणली. तीन दिवस ती पाझरत होती. चौथ्या दिवशी थांबली, तेव्हा मी घरात उड्या मारल्या.

घरात आम्ही तिघंच. बाबा कापडाच्या गिरणीत होते आणि आई घर बघायची. बाबांनी टाकी पाहून एवढंच म्हटलं, "आणून राहिली तं नीट पोसजो. जिवाचं काम आहे." आमच्या घरी रोज सकाळी वंदना व्हायची आणि पंचशील म्हटलं जायचं. जीव घ्यायचा नाही, हे बाबांच्या लेखी पहिलं आणि सगळ्यांत मोठं. ढेकूणसुद्धा ते कागदावर घेऊन बाहेर सोडून यायचे, आणि आई म्हणायची, "सोडा, सोडा, शेजारच्याईच्या घरी सोडा."

बर्डीवरच्या बाजारात पोपट, लव्हबर्ड आणि मासे विकणारं एक चिंचोळं दुकान होतं. मासे कलकत्त्याहून रेल्वेनं यायचे, हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. मी दोन लाल गोल्डफिश, दोन काळ्या मॉली आणि चार गप्पी घेतले. सायकल रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसले आणि खड्डा आला की रिक्षावाल्यावर ओरडले. घरी येऊन नळाचं ताजं, थंडगार पाणी भरलं आणि मासे सोडले. काय दिसत होते ते! मॉलीचा काळा रंग तर असा, की त्यापुढे माझी नवी छत्री फिकी. रात्रीचं जेवण मी टाकीसमोर बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठही मेले.

मी तणतणत दुकान गाठलं. दुकानदार शांतपणे पोपटाला मिरची देत होता. "ताई, नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते. ताजं पाणी म्हणजे त्याईले जहर. दोन दिवस भरून ठेवा, शिळं होऊ द्या, मग टाका."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उजळला. "एवढंच न वं? मंग माह्या गुंडातलं पाणी काहून नाही टाकत? त्याच्याहून चांगलं पाणी कुठं भेटणार हाये?"

आईचा गुंड म्हणजे तांब्याची मोठी, पोटाळी कळशी. माहेरच्या गावात विहिरीवर तिच्या लोकांना हात लावू देत नसत, हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं होतं. नागपुरात स्वतःचं बिऱ्हाड झालं, दारात नळ आला, आणि तिनं पहिली वस्तू घेतली ती हा गुंड. रोज चिंचेनं घासून ती तो असा लख्ख करायची, की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. पाहुणा आला की पाणी गुंडातलं. मला ताप आला की पाणी गुंडातलं. आता माझ्या माशांनाही तेच मिळणार होतं, आणि ते द्यायला ती माझ्याइतकीच उतावीळ झाली होती. दोन दोन दिवसांचं शिळं पाणी साठवून, फडक्यानं गाळून तिनं स्वतःच्या हातानं टाकी भरली.

दुसऱ्या खेपेचे मासे चार दिवसांत गेले. आधी ते तळाशी बसले, मग त्यांचे पंख आवळले, मग एकेक करून आडवे झाले. आईनं जास्वंदीच्या आळ्यात खड्डा करून ते पुरले. बाबा गिरणीतून आले, त्यांनी रिकामी टाकी पाहिली.

"आता एकदाच आण," ते म्हणाले. "तेही मेले तं टाकी परत कूलरवाल्याले. पोसता येत नाही त्यानं जीव घरी आणू नये."

मी पुन्हा बर्डीवर. आवाज चढवून म्हटलं, आजारी मासे विकता तुम्ही! दुकानदार म्हणाला, "पाणी शिळं केलं होतं? कशात?"

"तांब्याच्या गुंडात."

त्यानं कपाळावर हात मारला. "अवो ताई! तांबं उतरते पाण्यात. माणसाले चांगलं, मासोळीले नाही. घासलेलं भांडं तर आणखी खराब. मातीच्या माठात ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकच्या बादलीत."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! कारण सापडलं होतं. माझे मासे आता जगणार होते. मी सायकल अशी हाणली की घरी पोचेपर्यंत धाप लागली, आणि दारातूनच ओरडले, "आई, सापडलं वं! तुझ्या गुंडानंच मारले मासे! तांब्याचं पाणी विष असते त्याईले!"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कोपऱ्यातल्या गुंडाकडे पाहिलं. "माह्या हातानं मेले म्हण," ती म्हणाली, आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

मी समजवायला गेले, तुला काय माहीत होतं, मलाही माहीत नव्हतं वगैरे. ती "हो" म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी वंदनेच्या वेळी पंचशीलाची पहिली ओळ आली तेव्हा तिचा आवाज बंद झाला, आणि त्यानंतर रोज त्या ओळीला तो बंद व्हायचा. मला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली. टाकी परत जाण्याची भीती तर होतीच, पण आता पुढचे मासे जगणं माझ्या हौसेपुरतं राहिलं नव्हतं. पुन्हा मेले असते तर आईनं तेही स्वतःवरच घेतलं असतं.

तिसऱ्या खेपेला मी पाचच मासे आणले, सगळे गप्पी. माठातलं पाणी, फुटाळा तलावाच्या काठावरून आणलेली पाणवेल आणि हवेचे बुडबुडे सोडणारी एक विजेची मोटर. ती अशी गुरगुरायची की बाबा म्हणाले, घरात मांजर आणलं असतं तर कमी आवाज झाला असता. पाच दिवस गेले. दहा गेले. पाचही जिवंत! मग एका सकाळी वेलीत मला डोळे दिसले. नुसते डोळे, आणि मागे काडीएवढं शरीर. पिल्लं! मी किंचाळलेच.

"आई, लवकर ये वं! पिल्लं झाली! खूप झाली!"

"पाह्य तू," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी नाही येत तिकडं."

ती खरंच आली नाही. ती खोली झाडायची, पण टाकीच्या बाजूनं नजर वळवून.

मग मे महिना. दुपारी बारा वाजता रस्त्यावर कुत्रंही नसायचं असा. त्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती. अकराच्या सुमारास ऑफिसातले पंखे बंद पडले. गावातली लाइन गेली होती. सगळ्यांनी वह्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली आणि मला मात्र दरदरून घाम फुटला तो मोटर आठवून. मोटर बंद, पाणी तापलेलं, आणि दुकानदारानं बजावलं होतं की गरम पाण्यात मासे आधी हवेविना मरतात. दोन वाजेपर्यंत मला खुर्ची सोडता येणार नव्हती. त्या तीन तासांत मी किती जणांना चुकीचे नंबर जोडले, देव जाणे.

दोनला सुटले. पदर डोक्याला गुंडाळून सायकल हाणली. सारा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर आडवे झालेले मासे नव्हते, जास्वंदीच्या आळ्यात वाकलेली आई होती.

दार लोटलं. टाकीला ओलं लुगडं गुंडाळलेलं होतं. शेजारी स्टुलावर आई बसली होती आणि तिच्या हातात आंघोळीचा प्लॅस्टिकचा मग होता. ती टाकीतलंच पाणी मगात घ्यायची, वीतभर वर उचलायची आणि धार धरून परत सोडायची. पाण्यात बुडबुडे उठायचे. पुन्हा घ्यायची, पुन्हा सोडायची. लाइन गेली तर असं करायचं, हे मी एकदा बाबांना सांगितलं होतं. आई तेव्हा स्टोव्हपाशी पाठ करून बसली होती.

"कधीपासून करून राहिली तू हे?"

"लाइन गेली तेव्हापासून."

तिची बोटं पाण्यानं सुरकुतली होती, ब्लाउज घामानं भिजला होता. मी लुगडं बाजूला करून पाहिलं. पाच.

"मोठे पाच हायेत," ती म्हणाली. "पिल्लं अठरापर्यंत मोजली. मंग हालून राहिले लेकाचे, गडबडलं."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिनं ते कोपरानं ढकललं, कारण हात मोकळा नव्हता.

"आता तू धर हे. माहं जेवण राहिलं हाये."

मी घाईघाईनं मग घेतला, भरला आणि उंचावरून ओतला. आई उठता उठता थांबली.

"अशी नाही वं," ती म्हणाली. "हळू ओत. भेतात ते."