साठीचं घड्याळ

साठ वर्षं पुरी होणार म्हणून मुलाने मला घड्याळ द्यायचं ठरवलं. साधंसुधं नव्हे, परदेशी. मी म्हटलं, मेल्या, कचेरीत पस्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाने माझं काम भागलं, आता निवृत्त झाल्यावर मला वेळ बघून कुठली गाडी पकडायची आहे? पण तो हट्टाला पेटला होता. जर्मनीत नोकरीला लागून त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून त्याला माझ्यासाठी काहीतरी मोठं घ्यायचं होतं.

आधी बेत असा होता की तो वाढदिवसाला येणार आणि आम्ही दोघं पणजीला जाऊन घड्याळ निवडणार. वेंगुर्ल्याहून पणजी म्हणजे सकाळी निघावं, संध्याकाळी परत. दुपारी कुठेतरी बसून जेवायचं, हेही ठरलं होतं. पंधरा दिवस मी मनातल्या मनात त्या दुकानात त्याच्याबरोबर जाऊन आले. कुठली साडी नेसायची तेसुद्धा काढून ठेवली होती. मग एका रविवारी फोनवर तो चाचरत म्हणाला, "आई, रजेचं जरा कठीण दिसतंय. बघतो, पण..."

त्याचं 'पण' पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "येऊ नको. कशाला उगाच विमानाला पैसे घालतोस? मला काय धाड भरली आहे?"

असं मी नेहमीच बोलते. माणसाने नाही म्हणायच्या आधी आपणच नको म्हणून टाकायचं, म्हणजे कुणाचे उपकार नाहीत आणि आपला अपमान नाही. तो 'बरं' म्हणाला. फोन ठेवल्यावर मी अर्धा तास ओट्यापाशी नुसती उभी होते. तो यायला हवा होता. बाकी मला काही नको होतं, घड्याळ तर नकोच. पण हे त्याला सांगायचं कसं, ते मला वयाच्या साठाव्या वर्षीही येत नव्हतं.

पैसे त्याने पाठवूनच दिले. किती ते मी सांगणार नाही, माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. मग जुलैच्या एका सकाळी, वाढदिवसाला पंधरा दिवस असताना, मी ती काढून ठेवलेली साडी नेसून एकटीच एसटीत बसले.

एकटेपणाची मला सवय आहे असं मी लोकांना सांगते. हे जाऊन सात वर्षं झाली. शेजारपाजार चांगला आहे, कोळीण दारावर येते, मांजर आहे. पण घरात मालवणी बोलायला माणूस उरलं नाही, ही गोष्ट फार उशिरा माझ्या लक्षात आली. कचेरीत मी सगळा वेळ शुद्ध बोलायची, घरी आल्यावर तोंड मोकळं सोडायची. आता मुलगा फोनवर अर्धं शुद्ध, अर्धं इंग्रजी बोलतो, म्हणून मीही शुद्ध बोलते. उरलं मांजर. त्याला मी दिवसाला दहा वेळा 'शिरा पडो तुझ्या तोंडार' अशी लाडाची शिवी घालते आणि ते शेपटी उभी करून माझ्याकडे बघतं.

पणजीतलं ते दुकान म्हणजे काय विचारता! आत एवढा गारठा की मी पदर खांद्यावरून लपेटून घेतला. दारावरच्या माणसाने माझ्या छत्रीकडे असं बघितलं की ती मीच त्याच्या हातात दिली. काउंटरवर एक मुलगी होती, पंचविशीची असेल. "बसा आंटी," म्हणाली आणि पाणी आणून दिलं. मी म्हटलं, चला, पाणी तरी विचारलं.

मुलाने पाच फोटो पाठवले होते, ते मी तिला दाखवले. तिने पाचही घड्याळं मखमलीच्या तबकात काढून ठेवली. पहिल्याच्या तबकडीभोवती खडे होते. "हे लग्नातल्या करवलीला दे," मी म्हटलं. दुसरं एवढं दांडगं की माझं मनगटच दिसेना, नाकापेक्षा मोती जड. तिसऱ्यावर आकडेच नव्हते, नुसत्या दोन काड्या फिरत होत्या. एवढे पैसे मोजायचे आणि किती वाजले ते देवाला विचारायचं? चौथं सुरेख होतं, पण पट्टा चामड्याचा. मी तिला म्हटलं, "बाय, आमच्याकडे पावसात चपलांना बुरशी येते, दारामागे टांगलेल्या पर्सला येते. या पट्ट्यावर आठ दिवसांत अळंबी उगवतील." ती खळखळून हसली. तिला हसवलं याचा मला उगाच आनंद झाला. बऱ्याच दिवसांत माझ्या बोलण्यावर समोर बसून कुणी हसलं नव्हतं.

पाचवं राहिलं. लहानशी पांढरी तबकडी, काळे ठसठशीत आकडे, पोलादी साखळी. खोटं कशाला बोलू, मला ते बघताक्षणी आवडलं. अस्सं आवडलं की मी त्याच्याकडे फारसं बघितलंच नाही, बायका आवडलेल्या साडीकडे दुकानदारासमोर बघत नाहीत तशी. मुलगी म्हणाली, "ह्याला सेल लागत नाही आंटी. हातात असलं की हाताच्या हालचालीवर चालतं. दोन दिवस काढून ठेवलं तर बंद पडतं."

"दोन दिवसांत?"

"हो. परत घातलं की परत चालू."

मी म्हटलं, "मग त्यापेक्षा मी बरी. माझा मुलगा आठ दिवसांनी फोन करतो, तरी मी बंद पडत नाही."

ती यावर हसली नाही. विनोद फसला असं मला वाटलं आणि मी पाणी प्याले. तिने आरसा पुढे सरकवला, हातावर कसं दिसतं ते बघायला. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि बोलून गेल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, कारण माझ्या हातात काकणं नव्हती.

साखळी माझ्या मनगटाला सैल होत होती. दोन कड्या काढाव्या लागतील म्हणाली. काढून आणल्या. मग तिने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळव्याखाली छोटी उशी सरकवली आणि म्हणाली, "हात सैल सोडा."

कासार अगदी हेच म्हणतो. लहानपणापासून लग्न-मुंज असो, चतुर्थी असो, आमच्या वाडीत कासार यायचा आणि घरातल्या बायका ओळीने त्याच्यासमोर बसायच्या. तो हात दाबत, बोटं जुळवत, मऊ करत म्हणायचा, हात सैल सोडा. एकेक बांगडी चढायची. भरून झाल्या की हात जोडून कासाराला नमस्कार करायचा आणि मगच उठायचं, ही रीत. हे गेले त्यानंतर घरात पुतणीचं लग्न झालं. मागच्या पडवीत कासार बसला होता, बायकांचा कलकलाट चालला होता. मला कुणी हाक मारली नाही. मीही गेले नाही, स्वयंपाकघरात नारळ खवत बसले. कुणी मुद्दाम केलं असं नाही. पण तेव्हापासून माझा हात कुणी हातात घेतला नव्हता. डॉक्टरसुद्धा आता बोटाला चिमटा लावतो.

त्या मुलीचे हात ऊबदार होते. तिने साखळी अडकवली, मनगट इकडून तिकडून फिरवून बघितलं, आणि "झालं," म्हणाली.

आणि मी खुर्चीत पुढे वाकून तिला नमस्कार केला.

अगदी रीतसर, दोन्ही हात जोडून, डोकं वाकवून. डोकं वर केलं तर ती पोर भांबावून बघतेय. "आंटी, म्हाका कित्याक नमस्कार?" तिच्या तोंडून कोंकणीच निघालं. पलीकडचं एक जोडपं बघत होतं. दारावरचा माणूस बघत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं आणि शब्द निघायच्या ऐवजी डोळ्यांतून पाणी आलं. त्या गारठ्यात, त्या लखलखाटात, घड्याळाच्या दुकानात! तिने परत माझा हात धरला आणि मी सावरेपर्यंत धरून ठेवला. तेवढं मी तिचं जन्मभर विसरणार नाही.

घड्याळ घेतलं. हातातच ठेवलं. रिकामा डबा एका चकचकीत कागदी पिशवीत घालून मिळाला, ती घेऊन मी सावंतवाडीमार्गे जाणारी परतीची एसटी पकडली.

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबली. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांत दारूच्या बाटल्या शोधतात, त्यात नवीन काही नाही. तपासणारा चढला आणि त्याची नजर थेट माझ्या चकचकीत पिशवीवर गेली. "मावशी, ह्यात काय?" मी म्हटलं, "घड्याळाचा डबा." त्याने उघडून बघितला. डबा रिकामा. तो माझ्याकडे बघतोय तोच फोन वाजला. मुलगा. तिकडे दुपारची जेवणाची सुट्टी असावी.

"घेतलंस?"

"घेतलं."

"पाचवं ना? मला माहीत होतं. आवडलं?"

"आवडलं."

"चला," तो हसून म्हणाला, "म्हणजे मी सुटलो!"

तो गमतीने म्हणाला, मला ठाऊक आहे. पण माझं डोकं असं फिरलं की बस, तपासणारा, माणसं, कशाचं भान राहिलं नाही. आणि इतक्या वर्षांचं शुद्ध बोलणंही गेलं.

"सुटलंस? मेल्या, घड्याळ पाठवलंस म्हणजे सुटलंस? त्या दुकानातल्या परक्या चेडवान माझो हात धरल्यान आणि माका रडू इला. सात वर्सां माझो हात कोणी धरूक नाय, तुका म्हायत आसा? माका घड्याळ नको होता. माका तू होयो होतंस!"

बसमधली माणसं वळून बघायला लागली. तपासणारा डबा हातात धरून तसाच उभा.

मग मुलगा बोलला. तोही मालवणीत, कितीतरी वर्षांनी. "आये, तू कधी म्हणालंस, ये म्हणान?"

"ता म्हणूक कित्याक होया?"

"तीन वर्सांआधी मी इललंय. परत जावक निघालंय, रिक्षात बसलंय, तेव्हा तू काय म्हणालंस, याद आसा?"

मला आठवेना.

"तू म्हणालंस, 'चला, जातंस मा, घर मोकळा झाला एकदाचा.' दारात सगळी माणसां हसली. मी पण हसलंय. पण माका वाटला, मी इलंय की तुका त्रास होता. म्हणान मगे मी रजेसाठी कधी भांडूकच नाय."

ते वाक्य मला आठवलं. रिक्षा, त्याच्या बॅगा, फाटकापाशी शेजारीपाजारी. रडू फुटू नये म्हणून मी जे तोंडात आलं ते बोलून टाकलं होतं. आमच्याकडे सगळेच असं बोलतात. माझी आई मला सासरी धाडताना म्हणाली होती, गेली एकदाची पीडा. मी त्यावरून ओळखलं होतं तिला किती वाईट वाटतंय ते. मला वाटलं, माझा मुलगा माझ्याच पोटचा, तोही ओळखेल. तो नाही ओळखू शकला. तीन वर्षं तो ते शब्द तिकडे घेऊन बसला होता.

"अरे झिला," मी म्हटलं, "रडू येव नये म्हणान बोललंय रे ता."

तो म्हणाला, "मगे रडाचा होता गो."

तपासणाऱ्याने डबा हळूच माझ्या मांडीवर ठेवला आणि खाली उतरला. गाडी सुटली. सावंतवाडी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

वाढदिवसाला तो पोचू शकला नाही, रजा खरंच नव्हती. साठावा मी एकटीने काढला. घावणे केले, दोन खाल्ले, बाकीचे शेजारी दिले. तो आला चतुर्थीला. सात दिवस राहिला. त्या सात दिवसांत आम्ही फार काही बोललो असं नाही. तो झोपायचा, खायचा, माझ्याशी वाद घालायचा.

जायच्या दिवशी फाटकाशी रिक्षा आली. पुन्हा तीच माणसं उभी. माझ्या जिभेवर एक सोडून चार टोमणे तयार होते, सगळे हसले असते. मी ते गिळले आणि सर्वांसमोर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, लाज न धरता, मोठ्याने. कुणीच हसलं नाही. तो माझा हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आये, आता माझो पाय निघणा नाय गो."

हेच होऊ नये म्हणून मी जन्मभर कुणाच्या निरोपाला रडले नव्हते. पण ह्या वेळी त्याला काही ओळखावं लागलं नाही. मीच त्याला रिक्षात बसवलं.