सीताफळं थांबली नाहीत

दुबईच्या एका फळव्यापाऱ्याने मला नमुने घेऊन बोलावलं होतं. अंबाजोगाईजवळच्या आमच्या बागेतली कडक सीताफळं तोडून मी एकेक कागदात गुंडाळलं. निर्यात परवाना, तिकीट सगळं तयार होतं. फक्त व्हिसा राहिला होता.

एजंटला फोन केला की तो म्हणायचा, "आज येतोय की! कावून घाई करता?"

इकडे फळं मऊ पडत होती. फ्रिजमध्ये ठेवावीत, तर काळी पडतात. व्हिसा आला तेव्हा पेटीतली सगळी फुटली होती.

"दुसरी तोडा," बायको म्हणाली. पण हंगाम संपला होता.

शेवटी मोबाइलमधले फोटो घेऊनच गेलो. व्यापाऱ्याने ते निवांत पाहिले आणि विचारलं, "चव कशी आहे?"

त्या एजंटचा असा संताप आला, की मला नुसतं "गोड" एवढंच म्हणता आलं.