खालच्या ओळीतले बिल्ले

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लॉण्ड्रीत हजेरीच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला सगळे पावतास म्हणायचे. सात मिनिटं उशीर झाला तर तो सोडून द्यायचा, आठ झाली की पाव तास लावायचा. यात देवाच्या बापालाही सवलत नव्हती. बायलरवाला एकदा म्हणाला होता, "अहो, मी गेटातच होतो, बुटाची नाडी सुटली." पावतासनं शांतपणे विचारलं, "नाडी कंपनीची की तुमची?" आणि पाव तास लावला. हे नाव लोकांनी त्याच्या पाठीमागे ठेवलं होतं, पण बायकोच्या कानावर गेल्यापासून घरात ते तोंडावर वापरलं जाई. त्याची त्याला काही हरकत नव्हती. चार लोक आपल्याला नावानं ओळखतात, यातच त्याला बरं वाटायचं.

खरं तर बरं वाटायला त्याला फार काही लागायचंच नाही. शिकला होता बेताचा, तब्येत यथातथा, आणि तरी बावीस वर्षं एका खुर्चीनं त्याला सांभाळलं होतं. सकाळी कुलूप उघडताना तो खुर्चीच्या पाठीवर एकदा हात ठेवायचा. कुणी पाहत नाही ना, हे आधी बघून घ्यायचा.

खिडकीशेजारी लाकडी फळा होता. फळ्यावर खिळ्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला. आज ज्याची पाळी आहे त्याचा बिल्ला वरच्या ओळीत, ज्याची नाही त्याचा खालच्या. सरकारी सुट्टी आली की लॉण्ड्री बंद. मग त्याआधीच्या कामाच्या दिवशी पावतास सुट्टीच्या दिवसाची ओळ लावायचा आणि वरचे सगळे बिल्ले उलटे करायचा. मागची बाजू लाल होती. लाल बिल्ला म्हणजे त्या दिवसाचे तास सुट्टीचे म्हणून मिळाले. ही पद्धत त्याला जुन्या हेडक्लार्कनी शिकवली होती. "खालच्या ओळीला हात लावायचा नाही," ते म्हणाले होते. "जो येणारच नव्हता, त्याला सुट्टी कसली द्यायची?" पावतासला ते पटलं होतं आणि त्यानंतर त्यानं त्यावर एकदाही विचार केला नव्हता. जुने हेडक्लार्क म्हणजे त्याच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

रजेचं वर्ष संपत आलं होतं, वर्षाच्या दहाही सुट्ट्या होऊन गेल्या होत्या, तेव्हा एका गुरुवारी घडीताई खिडकीशी आली. ती घडीखात्यात होती. अकरा वर्षं आठवड्यातून तीनच दिवस यायची, मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज दहा तास. चादरीची घडी ती अशी घालायची, की कोपऱ्याला कोपरा लागल्यावर माणसानं बघत राहावं. बोलायची कमी. आज तिच्या हातात एक कागद होता.

"भाऊ, मला तीन आठवडे रजा पाहिजे," ती म्हणाली. "म्हणजे माझे कामाचे नऊ दिवस."

तिच्या नवऱ्याचा पाय तीन वर्षांपूर्वी अपघातात गुडघ्याखाली गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. गाड्या दुरुस्त करणारा माणूस, तेव्हापासून घरात बसून होता. आता दुसऱ्या शहरातल्या केंद्रात कृत्रिम पाय बसवायचा त्याचा नंबर लागला होता. पण तिथे राहून चालायला शिकायचं होतं आणि सोबत घरचं माणूस पूर्ण तीन आठवडे हवंच, अशी केंद्राची अट होती. पट्टी कशी बांधायची, पाय कसा चढवायचा, जखम कशी बघायची, हे घरच्यांनाच शिकवत. सोबत नसेल तर नंबर पुढच्या माणसाला.

"आणि मग परत कधी?"

"आठ महिन्यांनी. तेही नक्की नाही म्हणतात."

पावतासनं तिचं कार्ड काढलं. दवाखान्याच्या फेऱ्यांत तिची रजा वर्षभर तुकड्यातुकड्यानं संपली होती. वीस तास उरले होते. तिचे दोन दिवस.

"ताई, नव्वद तास लागतात. वीस आहेत."

बिनपगारी रजा घ्या, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण घरात कमावणारी तीच होती, तेव्हा ते त्यानं गिळलं. घडीताईनं कागदाची घडी घातली. कागदाचीसुद्धा कोपऱ्याला कोपरा लावून.

"बाकीच्यांच्या कशा उरतात हो एवढ्या?" तिनं विचारलं. भांडण नव्हतं तिच्या आवाजात, नुसता थकवा होता.

"त्यांना सरकारी सुट्ट्या मिळतात ना, त्यामुळे रजेला हात लावावा लागत नाही. सरकार बहुतेक सुट्ट्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारीच देतं. सोमवारी तुम्ही नसताच."

"मला कळते की सोमवारची सुट्टी," ती म्हणाली. "मंगळवारी कळते. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवसांचा ढीग माझ्या टेबलावर असतो. लोकांच्या सुट्टीची घडी मीच घालते."

एवढं बोलून ती कामाला गेली.

पावतास खिडकी उघडी टाकून बसून राहिला. समोर फळा होता, खालच्या ओळीत त्या दिवशीचे सात-आठ बिल्ले. हेडक्लार्कांच्या काळात लॉण्ड्रीत सगळेच पाच दिवसांचे होते. खालच्या ओळीत असायचा तो आजारी किंवा रजेवरचा. कमी दिवसांचे लोक नंतर आले आणि आपण त्यांचे बिल्ले त्याच ओळीत टांगले. त्यानं कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. इतक्या वर्षांत ते उघडायची वेळच आली नव्हती, कारण सगळं तोंडपाठ आहे असा त्याचा समज होता. तिथे सरळ लिहिलं होतं की वर्षाच्या दहा सुट्ट्यांवर सगळ्यांचा हक्क आहे आणि आठवड्याचे तास कमी असतील तर त्या प्रमाणात कमी, सुट्टी कुठल्याही वारी येवो.

त्यानं पेन्सिल घेतली. पाच दिवसांच्या माणसाला आठवड्याचे चाळीस तास आणि सुट्ट्यांचे वर्षाला ऐंशी. घडीताईचे आठवड्याला तीस, म्हणजे सुट्ट्यांचे साठ. यंदा दहापैकी आठ सुट्ट्या सोमवारी आल्या, दोन बुधवारी. तिला मिळाले वीस. चाळीस राहिले. मागच्या वर्षी नऊ सोमवारी, एक गुरुवारी. मिळाले दहा, राहिले पन्नास. चाळीस आणि पन्नास नव्वद.

त्यानं तीन वेळा मोजलं. नव्वदच.

आनंदानं उठावं म्हणून त्यानं खुर्ची मागे सारली आणि तसाच परत बसला. चुकून राहिलेली रजा दोनच वर्षांची परत देता येत होती, असंही त्याच पुस्तकात होतं. घडीताईला अकरा वर्षं झाली होती. आधीची नऊ वर्षं गेली ती गेलीच. आठ मिनिटांना पाव तास लावणाऱ्या माणसानं एका बाईची नऊ वर्षं खालच्या खिळ्याला टांगून ठेवली होती.

संध्याकाळी घरी त्याचा चेहरा बघून बायकोनं डबा घासायचा ठेवून दिला. त्यानं सगळं सांगितलं.

"मग तोंड पाडून काय बसलाय? सापडली ना चूक?"

"सापडली. पण माझीच आहे. मॅनेजरबाईंना सांगावं लागेल. बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही माझ्या कार्डांवर."

"अहो, कार्डं स्वच्छ ठेवलीत म्हणून काय तिचा नवरा चालणार आहे का?" ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "न सापडता राहिली असती तर काय केलं असतं, ते सांगा. त्या घडीताईचे पाय धरा उलट, तिनं डोळे उघडले तुमचे."

ते त्याला पटलं. लग्न झाल्यापासून ही बाई त्याला असं खडसावत आली होती आणि दर वेळी तो मनातल्या मनात तिचे आभार मानत होता. मोठ्यानं मानायची सवय तेवढी राहून गेली होती. त्या संध्याकाळी त्यानं डबा स्वतः घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मॅनेजरबाईंच्या खोलीत गेला आणि आकडेमोडीचा कागद टेबलावर ठेवला. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"येण्यासारखं माझ्याच होतं. चूक माझी आहे."

"अशी अजून किती माणसं?"

"तीन. दोघी निवडखात्यात, एक बायलरवर. त्यांचंही काढलंय, मागे जोडलंय."

तोच नाडीवाला बायलरवाला. बाईंनी चष्मा काढून पावतासकडे बघितलं. आता ओरडतील, असं वाटून त्यानं खाली मान घातली. "तुम्ही हे कपाटात ठेवून दिलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं," त्या म्हणाल्या आणि चारही कागदांवर सही करून दिली. पावतासचा जीव भांड्यात पडला. दाराबाहेर आल्यावर आपण साधं 'थँक्यू'ही म्हटलं नाही, हे लक्षात येऊन तो परत आत गेला, म्हणाला, आणि बाहेर येताना दारावर आपटला.

घडीताई मंगळवारी आली. पावतास खिडकी सोडून स्वतः घडीखात्यात गेला, बावीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळी. वाफेत उभा राहून त्यानं तिला सगळं सांगितलं. नव्वद तास मंजूर. वीस शिल्लक आहेत ते वेगळे. आणि मग तेही सांगितलं, की आधीचे नऊ वर्षांचे तास आता मिळणार नाहीत आणि ते त्याच्यामुळे गेले.

तिच्या हातातली चादर अर्धीच घडी होऊन थांबली.

"म्हणजे मी त्या दिवशी तुमच्याकडे मागत होते, ते माझंच होतं?"

"तुमचंच होतं, ताई."

मशीनचा आवाज चालू होता. तिनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले आणि ती चादर पुन्हा धुवायच्या पाटीत टाकली.

"नऊ वर्षांचं मला तुमच्यावर रागवावं लागेल, भाऊ," ती म्हणाली. "पण ते नंतर. आज नको. आज तुमचे उपकार झालेत."

"उपकार नाहीत. हिशेब आहे."

"असू दे. मला म्हणू दे."

तीन आठवडे गेले. पावतासनं या काळात फळ्यावर एक नवी ओळ ठोकून घेतली, कमी दिवसांच्या लोकांसाठी, आणि खिडकीत बसल्याबसल्या कितीदा तरी त्या न बघितलेल्या माणसाचा विचार केला. जमलं असेल का? पाय टोचतो म्हणे सुरुवातीला. काही लोक कंटाळून सोडून देतात म्हणे.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी घडीताई वेळेवर कामाला लागली, काही न बोलता, आणि त्याला विचारायचा धीर झाला नाही. दुपारी पाळी बदलायच्या सुमाराला गेटातून एक उंच माणूस आत आला. हातात काठी, पँट नवी. तो अंगण ओलांडत होता आणि दर चार पावलांनी थांबत होता. घडीखात्याच्या दारात घडीताई उभी होती. ती धरायला पुढे गेली नाही. तो खिडकीपर्यंत आला तेव्हा घामानं भिजला होता.

"तास बघता ते तुम्हीच का?"

पावतासला ओळख सांगावी लागली नाही. त्यानं घाईघाईनं बाहेर येऊन बाक पुढे ओढलं. "बसा, बसा आधी. एवढं चालून आलात."

"नको," तो माणूस हसून म्हणाला. "तीन वर्षं बसूनच होतो. उभ्यानं आभार मानायला आलोय."

मग पावतासनं बाक बाजूला सारलं, आणि दोघं उभ्याउभ्याच बोलत राहिले.