वर्षभरात दोन इंच उंच

साठी ओलांडलेली बाई वर्षभरात दोन इंच उंच झाली, असं कागद सांगत होता. मी तो हातात धरून उभी, आणि आमचे डॉक्टर सर म्हणत होते, द्या की रिपोर्ट, पेशंट खोळंबलेत.

कोल्हापुरातल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात मी डेक्साच्या मशिनवर होते. लागले आया म्हणून, मग सरांच्या हाताखाली बघून बघून शिकले. डेक्सा म्हणजे हाडं किती भरीव, किती पोकळ, ते मोजायचा फोटो. सुई नाही, दुखणं नाही, टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. जो आकडा येतो त्याला टी-स्कोअर म्हणतात. शून्याच्या आसपास असला तर हाड तरण्या बाईसारखं. उणे अडीचपर्यंत किंवा त्याच्याही खाली गेला, तर ठिसूळ.

पाळी गेली की बाईचं हाड तसंही झिजतंच. त्यात स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बऱ्याच जणींना काही वर्षं रोज एक गोळी असते. दुखणं परत येऊ नये म्हणून ती अंगातलं उरलंसुरलं बायकी हार्मोन कमी करते. पण हाडांना आधार त्याच हार्मोनचा, म्हणून हाड आणखी भराभर झिजतं.

उचगावच्या सुमनताई पाटील त्यातल्याच. गेल्या साली स्कोअर उणे दोन पूर्णांक तीन. यंदा एकदम उणे शून्य पूर्णांक सहा! हाडाचं इंजेक्शन सुरू करायचं सरांच्या मनात होतं, ते या रिपोर्टवर रद्द झालं असतं. आणि सुमनताईंच्या घरी दोन म्हशी, गोठ्याची फरशी कायम ओली. एकदा पाय घसरला की खुबा गेलाच.

आधी मी संशय घेतला मशिनवर. रोज सकाळी आम्ही एका नकली मणक्याचा फोटो काढतो. त्याचा आकडा ठरलेला असतो, तो बरोबर आला होता. मग संशय माझ्यावरच. उंची चुकीची लिहिली का काय? म्हणून गेल्या सालचा फोटो उघडला. तेव्हाचा कणा कमरेत डावीकडं वाकलेला. यंदाचा उसासारखा सरळ.

सर म्हणाले, "गोळ्या, दूध, नाचणी, काहीतरी लागू पडलं असंल."

"नाचणीनं कणा सरळ हुतोय व्हय, सर?"

सरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून बघितले. मग म्हणाले, "बोलवा परत."

फोटो नीट आला नाही, असं मी फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी दोन बायका आल्या. दोघींच्या डोक्यावर पदर, तोंडाला मास्क. एक सुमनताई, दुसरी त्यांची जाऊ रंजना, हे मला मागून कळलं; तेव्हा कोण कुठली ते दोघींनी सांगितलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. मागच्या खेपेला मी दारातून "पाटीलबाई" म्हणून हाक मारली होती. आमच्याकडं हीच पद्धत. उठून आली ती पाटीलबाईच होती.

आताही उंच होती तीच पुढं आली. मी विचारलं, "ऑपरेशन कुठल्या बाजूचं वो तुमचं?"

ती बाकावरच्या बाईकडं बघायला लागली. मला वाटलं, विम्याची भानगड असणार, नाहीतर कसल्या सवलतीची. तेवढ्यात बाकावरची उठली.

"तिला नगा बोलू, मावशी. सुमन मी हाय. मीच पाठवलती तिला."

"का पण?"

"गेल्या साली न कळता केला फोटो. औंदा आमच्या गल्लीतली एक हाडाच्या फोटोला गेली, आन् हाडात निघाला तिच्या. मला न्हाय ऐकायचं ते परत. हिचा फोटो चांगला आला की समदी गप बसतील, असं वाटलं."

रंजना म्हणाली, "म्या म्हनलं हिला, असं कुठं असतंय व्हय? पर चार दिस जेवली न्हाय ओ ही."

गल्लीतल्या बाईची तपासणी वेगळी. त्यात शिरेतून औषध देतात आणि दुखणं हाडात पसरलंय का ते बघतात. डेक्सा त्यासाठी नसतोच. हे मी सुमनताईंना सांगितलं. गेल्या सालीही मीच त्यांना टेबलावर घेतलं होतं, पण तेव्हा एका शब्दानं बोलले नव्हते.

खरा फोटो काढला. उणे दोन पूर्णांक नऊ.

"म्हंजे हाय?" सुमनताईंनी विचारलं.

"हाड पातळ झालंय, एवढंच. त्याला औषध हाय."

त्या खाली बसल्या आणि रडल्या. रंजना म्हणाली, "माझी हाडं दणकट हायत, येवढं तर कळलं फुकटात."

या इंजेक्शनानं क्वचित जबड्याला त्रास होतो, म्हणून सरांनी आधी दात तपासून आणायला लावले, मग इंजेक्शन सुरू केलं. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, सकाळच्या उन्हात चालणं. कॅन्सरची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, ही तंबी वेगळी. पुढच्या साली स्कोअर थोडा वर आला. खुबा शाबूत होता.

त्यानंतर रिटायर होईस्तोवर मी प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि ऑपरेशनची बाजू विचारूनच तिला टेबलावर घेतलं. त्याच्याही आधी सांगायचे, हा फोटो कॅन्सर शोधायचा नाही. तपासणीच्या चिठ्ठीवर आम्ही नुसतं 'बोन टेस्ट' लिहून द्यायचो, तपासणी ही असो की गल्लीतल्या बाईची ती. मशिनवर संशय घेतला, बाईवर घेतला, त्या चिठ्ठीवर मात्र कुणी घेतला नव्हता.